पाच टक्के किती, हे कोणीही सांगेल

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधल्या काळात घरात दोन लग्नं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि नागपूरचा एक अख्खा उन्हाळा पार पडला. विषय मात्र डोक्यात घोळतच होता. रुक्ष आहे, आधीच सांगून ठेवतो : इंटरनेटवर फुकट मिळणारे जीएसटी कॅल्क्युलेटर. कराचं नाव काढलं की ज्यांना जांभई येते त्यांनी खुशाल पुढचं सोडून द्यावं. पण घरात कोणाचं छोटंमोठं दुकान असेल, कोणी पापड-लोणची करून विकत असेल, तर मात्र वाचा. आमच्याच गोतावळ्यात असे चौघं आहेत आणि चौघंही हे कॅल्क्युलेटर वापरतात. (पाचवा वापरत नाही, कारण तो बिलच देत नाही. असो.)

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. एक चौकट असते, तिच्यात रक्कम टाकायची. खाली दरांची बटणं असतात, त्यातलं एक दाबायचं. मग दोन पर्याय, 'जीएसटी लावा' किंवा 'जीएसटी काढा'. की आलं उत्तर, दोन दशांश स्थळांपर्यंत, ठळक हिरव्या अक्षरात. पैसे लागत नाहीत. काही ठिकाणी सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मे निम्मे करून दाखवतात, म्हणजे बिलावर तसंच उतरवता येतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं की, हे यंत्र करातला जो भाग कोणालाच कधी अवघड गेला नव्हता तेवढाच भाग बिनचूक करून देतं. जो भाग अवघड आहे त्याबद्दल ते एक शब्द विचारत नाही. आणि उत्तर इतकं चोख दिसतं की आपल्यालाही विचारावंसं वाटत नाही.

आता उगाच झोडपायला नको, त्याचा एक खराच उपयोग आहे. कर आत धरलेल्या किमतीतून कर वेगळा काढणं. ११८० रुपयांत १८ टक्के कर किती, असं विचारलं तर निम्मे लोक ११८० चे १८ टक्के काढून २१२ रुपये ४० पैसे सांगतील. खरं उत्तर १८०. मूळ किंमत १०००, तिच्यावर १८०. ही चूक शिकलेसवरलेले लोकही करतात आणि तिथं हे कॅल्क्युलेटर हमखास वाचवतं. त्याबद्दल त्याला पूर्ण मार्क. पण हा गुण संपला की संपला.

आमचे आजोबा इतवारीत एका ठोक किराणा दुकानात दिवाणजी होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी... सगळं तोंडपाठ. दुकानात पहिल्यांदा आकडेमोडीचं यंत्र आलं तेव्हा मालकाचा मुलगा बटणं दाबायचा आणि आजोबा त्याच्या आधी उत्तर सांगून पान सुपारी कातरत बसायचे, अशी घरातली दंतकथा आहे. पण बाबा आणखी एक गोष्ट सांगायचे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की आजोबा टाक उचलायच्या आधी विचारायचे, "पार्टी कुठली? विक्रीकराचा नंबर आहे का? माल इथंच राहणार की बाहेर चालला? सी फॉर्म देणार ना?" एवढी उत्तरं मिळाल्याशिवाय बिलाला हात लावायचे नाहीत. कारण दुसऱ्या राज्यातल्या व्यापाऱ्यानं सी फॉर्म दिला तर केंद्रीय विक्रीकराचा दर एक, नाही दिला तर दुसरा, चढा. फॉर्म यायला उशीर झाला तर फरक दुकानाच्या गळ्यात. गुणाकार आजोबांना दोन सेकंदांचा होता. कराचा हिशोब म्हणजे त्या आधीची पाच मिनिटं.

तर सांगायचा मुद्दा हा की, आज फुकटात मिळतात ती ते दोन सेकंद. पाच मिनिटं कुठं गेली?

ती कुठं गेली हे मला आमच्या वहिनींमुळे कळलं. (त्यांना विचारूनच लिहितोय. "लिहा, पण माह्या चिवड्याला नावं ठेवू नका" एवढीच अट होती.) वहिनी घरून फराळाचं करतात. चिवडा, चकली, संत्रा बर्फी, उन्हाळ्यात पापड-कुरडया. हाताखाली तीन बायका आहेत. उलाढाल ४० लाखांच्या आसपासही नाही, म्हणजे मालाच्या विक्रीसाठी कायद्यानं जीएसटीची नोंदणी करायची गरजच नव्हती. पण एका मोठ्या दुकानानं माल ठेवायला 'नंबर' मागितला, म्हणून त्यांनी नंबर घेतला. कागदपत्रं कमी असावीत म्हणून कंपोझिशन योजनेत गेल्या.

ही योजना काय आहे ते दोन वाक्यांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर माल बनवणाऱ्यानं किंवा विकणाऱ्यानं आपल्या उलाढालीवर १ टक्का कर भरायचा, दर तिमाहीला भरणा आणि वर्षाला एक विवरणपत्र, सुटला. बदल्यात दोन गोष्टी सोडायच्या : खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि गिऱ्हाइकाकडून कर म्हणून एक रुपयाही घेता येत नाही. तो १ टक्का आपल्या खिशातून. बिलावरसुद्धा वरच्या बाजूला लिहावं लागतं की आपण कंपोझिशनवाले आहोत, कर वसूल करायला पात्र नाही.

२०२३ च्या दिवाळीत वहिनींना ऑफिसांच्या ऑर्डरी मिळाल्या. डब्यांची बिलं करायची होती. पुतण्यानं मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून दिला. रक्कम टाका, मिठाईचे ५ टक्के दाबा. २०,००० चे २१,०००. सीजीएसटी ५००, एसजीएसटी ५००. सुंदर बिलं झाली, छापून, शिक्का मारून! दिवाळीभरात साधारण २ लाख ७० हजारांचा माल गेला आणि त्यावर १३,५०० रुपये कर म्हणून गोळा झाला. वहिनींच्या डोक्यात हे पैसे सरकारचे हे होतं, पण तिमाहीचा भरणा १ टक्क्याचा असतो, तो भरला. उरलेले दुकानाच्या पैशात मिसळले आणि त्यातून चकलीचं यंत्र आलं.

डिसेंबरात एका कर सल्लागारानं बिलबुक चाळलं आणि तो खुर्चीतच ताठ बसला. जीएसटी कायद्याचं कलम ७६ असं सांगतं की कर म्हणून जे काही लोकांकडून घेतलं ते सरकारात जमा करायचंच, मग तो कर मुळात लागत असो वा नसो. म्हणजे ते १३,५०० रुपये व्याजासकट भरायचे. वर स्वतःचा १ टक्का होताच. शिवाय जे घ्यायचंच नव्हतं ते घेतलं, याचा जाब वेगळा. वहिनींनी स्वतःहून डीआरसी-०३ भरून पैसे जमा केले, त्यासाठी एक एफडी मोडली. त्यांचा जीव पैशापेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं कासावीस झाला होता. वीस वर्षं लोकांना डबे दिले, कोणाचे पाच रुपये जास्त घेतले नाहीत, आणि आता कागदोपत्री आपण लोकांकडून नको तो पैसा उकळला असं झालं.

मी तेव्हा विचारलं, वहिनी, कोणाला विचारलं नव्हतं का? तर म्हणाल्या, "अहो भाऊजी, कोणाले विचारू? हा सांगून राहिला होता ना! आणि पाच टक्के पाचच असते, त्यात चुकते काय?"

काहीच चुकत नाही, हीच तर गंमत आहे. त्या प्रत्येक बिलाचा गुणाकार पैशापर्यंत बरोबर होता. त्या पानानं फक्त एक प्रश्न विचारला असता, 'तुम्ही नेहमीचे करदाते, कंपोझिशनवाले की नोंदणी नसलेले?', आणि दुसऱ्या-तिसऱ्या उत्तराला 'तुम्हाला बिलावर कर लावता येत नाही' एवढं दाखवलं असतं, तर चकलीचं यंत्र त्या दिवाळीत आलं नसतं पण एफडीही मोडली नसती. एक प्रश्न. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दहा मिनिटांचं काम.

"पण ती जबाबदारी वापरणाऱ्याची" असं म्हणणारे भेटतात. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. मला हे पटत नाही. जो माणूस कायदा ओळखतो त्याला कॅल्क्युलेटर लागत नाही, तो तोंडी करतो. ज्याला लागतो तो नेमका न ओळखणारा असतो. 'छोट्या व्यावसायिकांसाठी' असं मोठ्या अक्षरात वर लिहायचं आणि छोट्या व्यावसायिकाला जे माहीत नसतं तेच गृहीत धरायचं, हा काय न्याय झाला?

इथं थोडा जुन्या नागपुराचा विषय काढतो, अवांतर वाटेल पण नाही. आपल्या देशात राज्यांनी विक्रीवर कर लावायची सुरुवात आपल्याच गावातून झाली हे किती जणांना माहीत आहे? नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी. १९३८ साली त्या सरकारनं पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. किती? ५ टक्के! वहिनींच्या बर्फीवर दाबला तोच आकडा. त्यावरून दिल्लीशी वाद झाला. दिल्लीचं म्हणणं, हा तर उत्पादनशुल्काचाच प्रकार आहे आणि तो आमचा अधिकार. प्रकरण सल्ल्यासाठी नव्यानंच स्थापन झालेल्या संघ न्यायालयात गेलं. सर मॉरिस ग्वायर सरन्यायाधीश, सोबत सर शाह सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर. डिसेंबर १९३८ मध्ये न्यायालयानं प्रांताच्या बाजूनं मत दिलं : माल तयार करण्यावरचा कर वेगळा आणि विक्रीवरचा कर वेगळा, आणि विक्रीवरचा प्रांताचा. पुढच्याच वर्षी मद्रास प्रांतानं सर्वच मालावर विक्रीकर आणला आणि मग देशभर ती वाट पडली.

मला त्या खटल्यात आवडतं ते हे की, ५ टक्के म्हणजे किती यावर कोणीच भांडत नव्हतं. भांडण होतं कर कोणाचा, कशावर आणि नेमका कोणत्या क्षणी लागतो यावर. गेल्या पाऊणशेहून जास्त वर्षांत कायदे बदलत गेले. नागपूरच्या व्यापाऱ्यानं १९४७ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा विक्रीकर पाहिला, १ जानेवारी १९६० पासून मुंबईचा कायदा पाहिला, १ एप्रिल २००५ ला व्हॅट आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी. मध्ये जकात गेली, २०१३ मध्ये एलबीटी आला, दोन वर्षांनी बहुतेकांसाठी तोही गेला. प्रश्न मात्र तेच तीन राहिले. कोणाचा, कशावर, कधी.

'कोणाचा' हा प्रश्न नागपूरला जरा जास्तच छळतो, कारण मध्य प्रदेशाची हद्द इथून हाकेच्या अंतरावर आहे. सौंसर, पांढुर्णा, छिंदवाडा... लग्नाचा बस्ता काढायला तिकडची माणसं गांधीबागेत आणि इतवारीत पिढ्यान्‌पिढ्या येतात. घरी मराठीच बोलतात, नातेसंबंधही इकडचे. दुकानदाराला ती परराज्यातली कधी वाटलीच नाहीत. आता समजा पांढुर्ण्याच्या एका कुटुंबानं ६०,००० रुपयांच्या साड्या घेतल्या. ५ टक्क्यांनी कर ३,०००. कॅल्क्युलेटर दाखवणार : केंद्राचे १,५००, महाराष्ट्राचे १,५००. पण नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचं बिल ५०,००० किंवा जास्त असेल तर त्यावर नाव, पत्ता आणि राज्य लिहावं लागतं. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा आहे की अशा गिऱ्हाइकाचा जो पत्ता बिलावर असेल तेच विक्रीचं ठिकाण मानायचं. पत्ताच नसेल तर दुकानाचं ठिकाण. म्हणजे बिलावर 'पांढुर्णा, मध्य प्रदेश' लिहिलं की ही आंतरराज्य विक्री झाली, आणि ते ३,००० आयजीएसटी म्हणून भरायचे.

गिऱ्हाइकाला काहीच फरक नाही, ३,००० ते ३,०००. कॅल्क्युलेटरच्या दृष्टीनं उत्तर बरोबर. पण दुकानदारानं चुकीच्या खात्यात भरले तर पुन्हा योग्य खात्यात भरायचे आणि आधीचे परत मागायचे. व्याज लागत नाही ही कृपा. पण परतावा मिळेपर्यंत भांडवल अडकतं, आणि लग्नसराईत अशी वीस बिलं झाली तर? मी ज्या दुकानदाराशी बोललो त्याला हा नियम माहीत नव्हता. त्याचं म्हणणं, "पांढुर्णा म्हणजे आपलंच ना बावा!" खरंय. भूगोल आणि नाती यांचं आणि आयजीएसटीचं फारसं जमत नाही.

'कशावर' यात तर इतक्या गमती आहेत की त्यावर वेगळं लिहावं लागेल. फक्त फराळाच्या डब्याचं सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी सुट्या चिवड्यावर ५ टक्के आणि पाकीटबंद, लेबल लावलेल्या चिवड्यावर १२ टक्के कर होता. बर्फीवर ५. आता पाकिटातला चिवडा, चकली आणि बर्फी एका डब्यात घालून डब्याची एकच किंमत सांगितली, तर कायदा त्याला मिश्र पुरवठा म्हणतो आणि त्यातला सगळ्यात चढा दर अख्ख्या डब्याला लावतो. नेहमीचा करदाता असलेल्या मिठाईवाल्यानं त्याच वस्तू वेगवेगळ्या किमती लिहून विकल्या तर बर्फीला ५ राहायचे, एका डब्यात बांधल्या तर बर्फीलाही १२. सुतळीचा एवढा महिमा! आता पाकिटातलं नमकीनही ५ टक्क्यांवर आल्यामुळे हा तिढा फराळापुरता सुटला. दुसऱ्या वस्तूंच्या भेटडब्यांना नियम तोच आहे.

आणि 'कधी'. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले, १२ चा टप्पा विटांसारखे अपवाद सोडले तर जवळजवळ गेलाच. त्यानंतर मी सहज पाहिलं, तर काही कॅल्क्युलेटरांवर ते १२ चं बटण ऐटीत बसलेलं होतं, आणि पान शेवटचं कधी दुरुस्त केलं याची तारीख कुठंच नव्हती. वाण्याच्या दुकानात आपण दुधाच्या पिशवीवरची तारीख पाहतो की नाही? बरं, दर बदलताना जे सौदे अर्धवट असतात त्यांचं काय करायचं, हाही प्रश्न आहेच. कुणी आगाऊ पैसे आधी दिले, माल नंतर गेला. कायद्याचं कलम १४ वाचलं तर डोकं गरगरतं, पण त्याचा अर्थ सोपा करता येतो : माल, बिल आणि पैसे या तिघांपैकी दोन ज्या बाजूला पडतील त्या बाजूचा दर. पैसे १५ सप्टेंबरला आले, पण बिल आणि माल २५ सप्टेंबरचा, तर नवा दर. बिल आणि पैसे दोन्ही आधीच झाले आणि फक्त माल नंतर गेला, तर जुना. हे एका वाक्यात मावतं. मी पाहिलेल्या एकाही पानावर हे वाक्य नव्हतं, तारीख विचारणारी चौकट तर लांबच.

मग ही पानं बनवतात कशाला? फुकट म्हणजे फुकट नसतं, हे आपल्याला आता पुरेसं कळलंय. एका पानानं उत्तर दाखवायच्या आधी माझा मोबाईल नंबर मागितला. मी संशोधनाच्या नावाखाली दिला. (दिवसभरात तीन फोन! बिलिंगचं सॉफ्टवेअर, कर्ज आणि पुन्हा बिलिंगचं सॉफ्टवेअर.) यात बेकायदा काही नाही, दुकान चालवायचं तर गिऱ्हाईक हवंच. पण मग हे कॅल्क्युलेटर म्हणजे दुकानाबाहेर ठेवलेलं थंड पाण्याचं माठ आहे, आत बोलवायला. त्याच्याकडून कर सल्ल्याची अपेक्षा करणं चूक, आणि त्यानं कर सल्ल्याचा आव आणणं त्याहून चूक.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. ती इंटरनेटवरून कुर्ते आणि गळ्यातली-कानातली विकते. तिच्याकडून तिथली पद्धत ऐकली. तिथं विक्रीकर राज्याराज्याचा वेगळा. न्यू जर्सीत २०१८ पासून ६.६२५ टक्के, पण कपड्यांवर जवळजवळ नाहीच. म्हणजे कुर्त्यावर काही नाही, माळेवर कर. २०१८ च्या एका निकालानं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना मोकळीक दिली की बाहेरच्या राज्यातल्या विक्रेत्यालाही कर वसूल करायला लावा. छोट्या विक्रेत्यांच्या दृष्टीनं भयंकर प्रकार. पण तिथल्या वीसहून जास्त राज्यांनी त्याच्या बऱ्याच आधी, २००५ पासूनच, एक करार केलेला आहे. दरांचे तक्ते राज्यांनी स्वतः तयार करून ठेवायचे, आणि त्या तक्त्यातच चूक असेल व विक्रेत्यानं त्यावर भरवसा ठेवून कमी कर घेतला असेल, तर फरक विक्रेत्याकडून मागायचा नाही. न्यू जर्सी त्यात आहे. अमेरिकेचं सगळंच गोड मानून घ्यायचा माझा स्वभाव नाही, पण हे मला फार आवडलं. आकडा सांगणाऱ्यानं आकड्याची जबाबदारी घ्यायची.

आपल्याकडे सरकारनं काही केलंच नाही असं नाही. दर शोधायची सोय केंद्रीय कर मंडळानं २०१७ मध्येच दिली. जीएसटीचं जाळं सांभाळणाऱ्या कंपनीनं २०१९ मध्ये दीड कोटीच्या आतल्या करदात्यांसाठी हिशोबाचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर फुकट द्यायची सोय केली. वहिनींना यातलं काहीही कोणी सांगितलं नव्हतं. आणि दर सांगणं वेगळं, 'तुला हा दर बिलावर लावता येतो का' हे सांगणं वेगळं. आपल्या जीएसटी नंबरावरून आपण कंपोझिशनमध्ये आहोत की नाही हे सरकारी संकेतस्थळावर कोणालाही दिसतं. मग सरकारनंच एक कॅल्क्युलेटर का काढू नये, की जो आधी आपला नंबर, मालाचं नाव, गिऱ्हाइकाचं राज्य आणि तारीख विचारेल, मराठीत विचारेल, आणि मग तोंड उघडेल? आणि त्यानं सांगितलेला आकडा लावून बिल केलं तर निदान व्याज आणि दंड लागणार नाही, एवढी हमी देईल? 'अधिसूचना वाचा' हे उत्तर मोठ्या कंपन्यांना ठीक आहे, त्यांच्याकडे वाचायला माणसं आहेत. सीताबर्डीच्या फूटपाथवरून वाढत वाढत गाळ्यात आलेल्या माणसानं अधिसूचना वाचायची की दुकान पाहायचं?

खाजगी पानवाल्यांकडून मी एवढी अपेक्षा करत नाही. त्यांनी दोनच गोष्टी कराव्या. शेवटचे दर कोणत्या तारखेचे ते ठळक लिहावं, आणि 'लावा' हे बटण दाबलं की आधी 'तुम्ही कंपोझिशनमध्ये आहात का' हे विचारावं. दोन ओळींचं काम आहे. कुणी प्रोग्रॅमर वाचत असाल तर मनावर घ्या. आपल्यातले बरेच जण हेच काम पोटासाठी करतात.

तोपर्यंत वहिनींनी आपला इलाज केलाय. बिलबुकच नवीन छापलं. त्यावर कराचा रकानाच नाही, आणि वरच्या ओळीत कंपोझिशनचं ते वाक्य जाड टाइपात. मोबाईलवरचा तो कॅल्क्युलेटर अजून आहे, पण आता पुतण्या त्यावर त्याचे क्रिकेटचे सरासरी काढतो म्हणे.

ता. क. नातेवाइकांसाठी : दिवाळीच्या डब्यांची ऑर्डर दसऱ्याच्या आधी द्या, नंतर फोन करून "आमचं तेवढं बघा" म्हणू नका. छिंदवाड्याच्या आत्यानं आणि रायपूरच्या मंडळींनी डबा कुरिअरनं मागू नये, कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल पाठवता येत नाही. कोणी नागपूरला येणारं असेल त्याच्या पिशवीत देऊ. भेट म्हणून, बिल नाही.